गेनूच्या घरावरचं आभाळ कुणाच्या हद्दीत?

तर विमानाच्या आवाजाची तक्रार ऐकूनही चौकीतले हवालदार हसले नाहीत, याचंच गेनूला मोठं अप्रूप वाटलं, इथवर काल आपण आलो होतो. खुर्ची दिली, पाणी दिलं आणि म्हणाले, "आबा, डीजे असता तर आत्ता उचलून आणला असता. विमान कसं उचलू?"

हा गेनू दिघीचा. सरकारी मोजणीदार आला की साखळी धरायला गेनूच, अशी चाळीस वर्षं. बांधाखाली गाडलेला हद्दीचा दगड तो पायाने चाचपून सांगायचा. दोन भाऊ कुऱ्हाडी घेऊन समोरासमोर उभे असले तरी गेनूने "हितं" म्हटलं की तिथंच खणायचं! आता शेतं गेली, इमारती आल्या. पलीकडे लोहगावची धावपट्टी, त्यामुळे विमानं घरावरून.

सवय झाली होती हो. पण गेल्या श्रावणात त्याच्या बायकोला, पुतळाबाईला, अर्धांगाचा झटका आला आणि वाचा गेली. बोलणं शिकवायला येणारी करिष्मा म्हणाली, "आजी, घरातल्या माणसांच्या नावांपासून सुरुवात करू." झाली का पंचाईत! त्रेपन्न वर्षांच्या संसारात त्या माउलीने उखाण्याशिवाय नवऱ्याचं नाव घेतलेलं नाही. "औषध समजून घ्या," म्हणत करिष्माने कशीबशी समजूत घातली. मग पुतळाबाई जीव एकवटायची, कपाळाला घाम फुटायचा, "गे..." एवढं यायचं, आणि वरून विमान जायचं. दचकून शब्द पार निसटायचा. ती तोंड भिंतीकडे करायची.

"पहिले महिने मोलाचे, आबा. शांतता ठेवा," करिष्मा म्हणाली. गेनूने रेडिओ बंद केला, कुकर माळ्यावर टाकला, कुत्रं मेव्हण्याकडे धाडलं. वरचं कसं बंद करायचं?

चौकीतून तो पालिकेत गेला. तिथल्या बाई म्हणाल्या, "आमचं चालतं ते रस्त्यापर्यंत न् गटारापर्यंत." प्रदूषणवाले म्हणाले, "कंपनीचा भोंगा असेल तर बोला. विमानांचं दिल्लीत ठरतं." पुतण्या ओंकारने मोबाईलवरून दिल्लीला लिहिलं. उत्तर आलं : विमान प्रवासी होतं की लढाऊ, ते कळवावे.

"तात्या," ओंकार म्हणाला, "लढाऊ असलं तर संरक्षण खात्याकडं जायचं. बघून सांगा."

गेनू अंगणात मान वर करून उभा राहायचा. चष्मा पुसेपर्यंत विमान पार भोसरीवर.

शेवटी जन्मभर जे केलं त्यावरच तो आला. अर्ज लिहिला : माझ्या सर्व्हे नंबरच्या वरचं आभाळ कुणाच्या हद्दीत येतं, ते लेखी मिळावं. कचेरीतल्या कारकुनाने 'सर्व्हे नंबर' आणि 'हद्द' एवढंच वाचलं, आणि अर्ज दिला मोजणीवाल्यांकडे धाडून! हद्द कायम करायची नोटीस निघाली. शेजारच्या सोपानरावांनाही गेली. ते धोतर सावरत आले.

"काय रं गेनू, माझ्या भितीवर डोळा व्हय?"

"आरं न्हाई, आभाळासाठी हाय ते."

"व्हय, व्हय! आज आभाळ, उद्या भित!"

ठरल्या दिवशी सुजित नावाचा मोजणीदार तिपाईवरचं यंत्र घेऊन आला. साखळी धरायला आता कुणी लागत नाही. अर्ज वाचला आणि बिचारा ओट्यावर बसलाच.

"आबा, हे यंत्र तुमचे चार कोपरे सांगतं. वरचं कुणाचं, ते मला कुणी शिकवलं नाही."

"मंग इचारू कुनाला?"

"खरं सांगू? ठाऊक नाही. पण वाद नाही असं लिहून द्या, नाहीतर सोपानरावांना पुन्हा नोटीस जाईल." त्याने कागद पुढे केला. त्यावर ओळ होती : अर्जदाराची कोणतीही तक्रार उरलेली नाही.

गेनूने पेन घेतलं. तेवढ्यात आतून खाटेवरून आवाज आला, "गे..." क्षणभर थांबून, "गे... न..." आणि लांब, लोहगावच्या अंगाला, घरघर सुरू झाली.

सुजितने जरा मोठ्याने विचारलं, "आबा, सही करताय ना?"

गेनू म्हणाला, "कुटं करायची तितं बोट ठिव बाबा, पर बोलू नगंस. ती नाव घेतीया माजं, अन् ते इमान याया लागलंय."