टाकी भरल्याचे सांगणारे यंत्र

मंगळवारी सकाळी सव्वासातला शहाद्यातल्या आमच्या गच्चीवरची टाकी भरून वाहिली आणि शेजारच्या रुखसानाभाभींच्या पत्र्यावर वाळत घातलेल्या वर्षभराच्या मिरच्या भिजल्या. टाकी भरल्याची सूचना देणारे यंत्र मी बनवले होते. ते चालू होते.

मिरच्या याआधी दोनदा भिजल्या होत्या. भाभींनी कुंपणावरून शेवटचे बजावले होते, "भाऊ, अब एक बूंद भी गिरी ना, तो मिरची आपकी बैठक में सुखाऊंगी!"

मी त्यांना शब्द दिला. (इथेच थांबायला हवे होते.)

सर्किटचा पाटा, म्हणजे बोर्ड, एरवी रसायनात बुडवून करतात. माझ्या मागच्या प्रयोगात मोरीच्या फरशीवर तपकिरी डाग पडले होते, ते अजून आहेत. त्यामुळे माय दारात उभी राहिली. "रसायन-बिसायन काही नको! घर शे का कारखाना?"

मग मी तांब्याचा पातळ पत्रा कात्रीने कापला, पट्ट्या सनमायकाच्या तुकड्यावर चिकटवल्या, वर बझर जोडला. टाकीत दोन तारा सोडल्या. पाणी तारांना लागले, बझर वाजला. शनिवारी भाभींनी शेवयांची वाटी पाठवली!

सोमवारी सकाळी बझर वाजला. मोटार बंद करून वर धावलो. टाकी अर्धी. खाली आलो, पुन्हा वाजला. पुन्हा वर. टाकी अर्धीच! तिसऱ्यांदा माय जिन्याखालून ओरडली, "तुन्हा डबा परत बोंबली ऱ्हायना! जाय, देख!"

"वाजू दे!" मी धापा टाकत म्हणालो. "खोटं वाजतंय. आता कोणी लक्ष देऊ नका."

कोणी दिले नाही.

मंगळवारी मिरच्या भिजल्यावर मी पाटा खाली आणला. पट्ट्या लखलखत होत्या. मधल्या फटींत काहीतरी ओलसर, तपकिरी होते. चाटून पाहिले. आंबट आणि खारट.

"माय, याला हात कोणी लावला?"

"मी! रविवारले. तांबं काळं पडेल व्हतं. देवना तांब्यासंगे चिच-मीठ लाईसन घासी टाकं. कशी चमकी ऱ्हायनी, देख!"

"अगं, ओल्या मिठातून वीज जाते! त्यामुळेच काल खोटा वाजत होता."

"आनि आज?"

आज तो सव्वासातला वाजला होता. टाकी तेव्हा खरोखर भरली होती. मी खाली दाढी करत होतो आणि तो मला ऐकू येत होता.

मिरच्या आमच्या बैठकीत आहेत. आज चौथा दिवस. माय आणि भाभी दोघी मिळून त्या वरखाली करतात. मी हा मजकूर गच्चीवर, टाकीशेजारी बसून लिहिला आहे.