एकट्याचा फोटो

मी जन्माची भित्री. कला महाविद्यालयाच्या शेवटच्या वर्षी सरांनी फोटो आणि आवाज मिळून एक काम करायला सांगितलं, तेव्हा वर्गातली पोरं कॅमेरे घेऊन वेरूळला पळाली. मला मात्र एकच विषय सुचत होता आणि तोच मी टाळत होते. विषय होता वडिलांचा आवाज.

वडिलांना आम्ही अण्णा म्हणतो. त्यांचा घसा कित्येक महिने बसलेला होता. मीच त्यांना औरंगाबादच्या दवाखान्यात दाखवलं. डॉक्टरांनी त्यांना बाहेर बसवून मला सांगितलं, गाठ वाईट आहे, स्वरयंत्र काढावं लागेल. जीव वाचेल, पण बोलता येणार नाही. अण्णांना मी एवढंच सांगितलं की बारीकसं ऑपरेशन आहे. पुढचं सांगायला जीभच रेटेना. आईलाही सांगितलं नाही.

ऑपरेशनच्या आधीच्या रविवारी शहागंजातल्या एका दुरुस्तीवाल्याकडून टेपरेकॉर्डर भाड्यानं घेतला, कॉलेजचा कॅमेरा गळ्यात अडकवला आणि पिशोरची एसटी धरली. आवाज आधीच गेला असला तर? मन चिंती ते वैरी न चिंती. घरी पोचले तर अण्णा ओसरीवर बसून शेजारच्या शेळीला शिव्या घालत होते. आवाज घोगरा, पण शिव्या खणखणीत. माझा जीव भांड्यात पडला.

"अण्णा, नवा पटका बांधा. फोटो काढायचाय."

दारातला उजेड चांगला होता, म्हणून खुर्ची तिथं मांडली. आई पदर सावरून हौसेनं शेजारी येऊन उभी राहिली. मी म्हणाले, "तू नको गं आई, एकट्याचाच पायजे." आईचा चेहरा खर्रकन उतरला. ती आत जाऊन चुलीपुढं बसून राहिली. शेजारची म्हातारी कुंपणावरून डोकावली, पदर तोंडाला लावला आणि गेली. मी आपली कॅमेऱ्यात गुंग. फोटो काढताना मी एक डोळा मिटते, आणि निम्मी भीती तिथंच मिटते. ऐकताना ती सोय नाही, कान काही मिटत नाहीत.

अण्णा हात गुडघ्यांवर ठेवून सरळ माझ्याकडं बघत बसले होते. फोटो झाला, मग मी टेप सुरू केला. "आता बोला काहीतरी."

अण्णा खाकरले. "खालचं वावर तुझ्या आईचं. ती हाय तवर कुणी हात लावायचा नाय. गाय इकायची नाय. आन् लई रडायचं नाय."

डॉक्टरांनी माझ्यापासूनही काही लपवलंय आणि ते यांना कळलंय, असंच मला वाटलं. "अण्णा, हे काय बोलताय?"

"तूच सांग की. डाक्टरनं किती दिस दिलेत?"

तेव्हा कुठं माझ्या डोक्यात उजेड पडला. आमच्या बैठकीत आजा, आजी आणि चुलता यांचे हार घातलेले फोटो आहेत, सगळे शेवटच्या दुखण्यात काढलेले. आमच्याकडं म्हातारं माणूस फोटोला एकटं बसतं ते एकदाच, आणि ते कशासाठी हे सगळ्या गावाला ठाऊक असतं. शहरात रोज कुणाकुणाचे एकट्याचे फोटो काढून मी ते पार विसरले होते.

आता खरं सांगण्यावाचून गत्यंतर नव्हतं. मी स्वरयंत्राचं सांगून टाकलं. आई दारात येऊन ऐकत उभी राहिली.

"जीव ऱ्हातो ना पण?"

"व्हय."

"मग आधी बोलायचं की, बये! भेवानंच मेलो असतो मी." ते हसले. "पुसून टाक ते. नव्यानं लाव."

मग ते पुढं, आवाज गेल्यावर घरात लागेल तेवढंच बोलले. "अगं, पाणी आण." थांबले. "दार लाव, वारा येतोय." पुन्हा थांबले. "चहात साखर घाल." "बास, पोट भरलं." त्यांना वाटत होतं, बटण दाबलं की हवं तेव्हा हवं तेच वाक्य टेपमधून निघेल. तसं होत नाही, हे सांगायची माझी छाती झाली नाही. मला माइक धरवेना. तो आईनं धरला.

प्रदर्शन लागलं तेव्हा अण्णांच्या गळ्याला पट्टी होती आणि आवाज गेला होता. स्वतःचं बोलणं ऐकून त्यांचं काय होईल या धास्तीनं मी "येऊ नका" असा निरोप धाडला. दोघंही आले आणि पुढच्याच खुर्च्यांवर बसले. भिंतीवर तो फोटो, खाली स्पीकर. मी बटण दाबलं.

"अगं, पाणी आण."

आई चटकन उठली. भरल्या हॉलमध्ये, खुर्च्यांतून वाट काढत पाणी शोधायला निघाली. मागं कुणीतरी हसलं. अण्णांकडं बघायची माझी हिंमत नव्हती, तरी बघितलं. त्यांचे ओठ टेपबरोबर हलत होते. एक शब्द चुकत नव्हता.

कॅसेट संपली. ओठ थांबले नाहीत. हॉल चिडीचूप झाला आणि अण्णा माझ्याकडं बघून काहीतरी सांगतच होते. मला एक अक्षर कळत नव्हतं.

आई पेला घेऊन परत आली, खाली वाकली आणि त्यांच्या तोंडाकडं बघत राहिली.

"व्हय, निघू," ती म्हणाली. "पाणी प्या आधी."