जनाआत्याचे खणखणीत दात

जनाआत्या माझ्या शहापूरच्या दातांच्या दवाखान्यात पहिल्यांदा आली, ती दारावरच्या चित्रातल्या हसऱ्या बाईवर डाफरतच. "हिला घरात काय कामधंदा नाय का?" मग तोंडावर पदर धरून खुर्चीत बसली आणि खुर्चीलाही नावं ठेवली. आता ती नाही म्हणून हे निर्धास्त लिहितोय. असती तर या लिहिण्यावरही तिने गाणं रचलं असतं.

आत्या आमच्या शेणवे गावची धवलारीण. लग्नात धवळे गायचे आणि ते झाले की नवऱ्यामुलाच्या आईची गाण्यातून यथेच्छ निंदा करायची, हे तिचं वर्षानुवर्षांचं काम. पण हिरड्यांच्या दुखण्याने वरचे पुढचे चार दात हलून पंख्यासारखे बाहेर पसरले. शब्दांतून वारा निघायला लागला. आत्या शिव्या हासडायची आणि विहीण आशीर्वाद समजून मान डोलवायची. नातीचं लग्न मुरबाडला ठरलं, तेव्हा आत्याच्या मुलाने धवळे मोबाईलवरून भोंग्यावर लावायचं ठरवलं. आत्याने मला बजावून सांगितलं, "माज्या नातीच्या मांडवात डबा गाणार असंल, तर मी येनार नाय."

ते दात वाचण्यासारखे नव्हतेच. मी ते काढले, हिरड्या भरू दिल्या, मग छोट्या कॅमेऱ्याने तिच्या तोंडाचा नकाशा संगणकावर घेतला. चेहऱ्याच्या फोटोवर नवे दात जुळवून पाहिले आणि नमुन्याचे दात यंत्रातून छापून तोंडात बसवले. लांब, सरळ, पांढरेशुभ्र. मी स्वतःवर जाम खूश. आत्याने आरशात पाहिलं, धवळा सुरू केला आणि प्रत्येक 'स'ला शिट्टी वाजली.

"दिसतंय चांगला," ती म्हणाली. "पण मला फोटू काढायचा नाय रे. तू बघून दात करतंस. ऐकून कर."

एवढं शिकून हे ऐकून घ्यायचं म्हणजे जिवावर आलं. तरी संगणकावर दात केसभर आखूड केले, जरा आत घेतले, पुन्हा छापले. ती पुन्हा गायली. असं चार वेळा झालं. बाहेर बसलेला, गाल सुजलेला सापगावचा एक गृहस्थ विहिणीची निंदा ऐकून हसला आणि लगेच कळवळला. पाचव्या वेळी मी स्क्रीनकडे पाठ केली आणि डोळे मिटून नुसता ऐकत राहिलो. शिट्टी गेली होती. त्याच मापाचे कायमचे दात केले.

लग्नात भोंगा टेम्पोतून उतरवलाच नाही. आत्या गायला बसली आणि मुरबाडची विहीण दुसऱ्याच ओळीला लालबुंद झाली. मग आत्याची नजर फिरत फिरत माझ्यावर आली.

"गावाची तोंडं उघडतो, डागतर आमचा गो,
बायकोपुढं उघडं ना, तोंड त्याचा गो!"

अख्खा मांडव हसला, माझी बायको सगळ्यांत मोठ्याने. मी मात्र रुमालाने डोळे पुसत होतो. आत्याचं एक अक्षर निसटलं नव्हतं.