मैनेची चढती-उतरती दौड

कुंडलची संयोगिता लग्नाआधी आठशे मीटर पळायची. गुडघा गेला, पळणं सुटलं. पळणाऱ्याकडं बघायची नजर मात्र सुटली नाही. म्हणून नवऱ्यानं, वीरधवलनं, मैना घोडी विकायला काढली तेव्हा ती स्वस्थ बसेना.

मेढ्याच्या शर्यतीत मैना वाऱ्यासारखी पळाली होती. त्यानंतरच्या दोन मैदानांत मात्र ती मागंच राहिली. "संपली गं ती," वीरधवल म्हणाला. "सांगलीचं गिऱ्हाईक पुढच्या महिन्यात येतंय. देऊन टाकू."

त्या दुपारी संयोगितानं जुन्या शर्यतींचे व्हिडिओ मोबाईलवर लावले. नुसती वेळ बघून उपयोग नव्हता, कारण कुठं चढाची खडकाळ वाट तर कुठं भुसभुशीत रान. पण प्रत्येक शर्यतीत गावातल्या नाथाजींचा करडा घोडा होता. म्हातारा, भरवशाचा, कधी फार पुढं नाही, कधी फार मागं नाही. तिनं त्यालाच माप धरलं. मैना त्याच्या किती घोडे, म्हणजे किती घोड्यांच्या लांबीएवढी, पुढं किंवा मागं, एवढंच ती बघत गेली.

गेल्या वर्षी मैना आधी दोन घोडे पुढं होती, मग एकदम सहा. त्यानंतर दोनदा करड्याच्या मागं. मग विश्रांती, आणि मेढ्यात आठ घोडे पुढं. आता पुन्हा दोन पडत्या शर्यती. संयोगितानं मोबाईल खाली ठेवला. अंगातलं सगळं ओतून पळाल्यावर पाय कसे शिशाचे होतात, हे तिनं स्वतः भोगलं होतं.

"आवं, ती संपली न्हाई, दमलीया," ती लगबगीनं गोठ्यात जाऊन म्हणाली. "नाथाजींच्या करड्याशी ताडून बघितलं म्या, मोठी दौड झाली की ती दोनदा पडती. इसावा मिळाला की आधीच्यापरीस वर जाती. पलूसच्या मैदानापातूर थांबा."

"आन् न्हाई पळाली तर?"

"तर खुशाल द्या."

वीरधवल पलूसपर्यंत थांबायला तयार झाला. बाकीच्यांची घोडी रोज रानात दौडत होती, मैना नुसती ओढ्याकाठानं फिरत होती. त्याचा जीव खालीवर व्हायचा. संयोगितालाही धाकधूक होतीच. पण चौथ्या आठवड्यात घोडी आपणहून दाव्याला ओढ द्यायला लागली, आणि तिला हसू फुटलं.

पलूसला धाकटा दीर शिवतेज स्वार झाला. निशाण पडलं. निम्म्या वाटेपर्यंत मैना चौथी होती. वीरधवलनं डोळे मिटून घेतले. "बघा तरी," संयोगिता त्याचा दंड हलवत म्हणाली. शिवतेजनं लगाम सैल सोडला आणि मैनेनं मान लांबवली. एक घोडा गेला, दुसरा गेला, शेवटच्या टप्प्यात तिसराही मागं पडला. मैना मानेच्या फरकानं पहिली आली.

गर्दी घोडीकडं धावली. संयोगितानं मात्र करडा किती मागं राहिला तेवढंच बघितलं होतं.

"किती गं?" वीरधवलनं धापा टाकत विचारलं.

"धा घोडं," ती म्हणाली.

त्यानं तिथूनच सांगलीला फोन करून नाही म्हणून सांगितलं. तेवढ्यात शिवतेज घोडी घेऊन आला. "वैनी, फुडच्या आठवड्यात आनी एक मैदान हाय. नाव देऊ का?"

"दिलंस तर हरशील," ती मैनेच्या घामेजल्या मानेवर हात फिरवत म्हणाली. "आता तिला महिनाभर ओढ्याकाठी फिरीव."

शिवतेजनं भावाकडं बघितलं. वीरधवल म्हणाला, "ती म्हंती तसं कर."