भाऊंनी नावं ठेवणं सोडलं

"थांब गा, तुले नाव ठेवू दे," असं म्हणून भाऊ समोरच्याकडे एक डोळा बारीक करून बघायचे. चहा यायच्या आत त्या माणसाचं बारसं उरकलेलं असायचं. खापरखेड्याच्या वीज केंद्रात मी नोकरीला लागलो त्याच दिवशी माझी उंची आणि माझी अरुंद छाती बघून त्यांनी मला 'चिमणी' केलं. पाखरू नव्हे, धूर सोडणारी. स्टोअरमधले एक गृहस्थ अंगानं जाड होते आणि बोलायच्या आधी घशातून हूं हूं आवाज काढायचे. ते 'ट्रान्सफॉर्मर'. तुमच्याही कॉलनीत असा एखादा असेलच. त्याचा राग येत नाही, कारण आपल्यानंतर शेजाऱ्याची पाळी असते.

आमच्या आणि भाऊंच्या क्वार्टरची भिंत एकच. वहिनी कमी बोलणाऱ्या. त्यांच्या डोळ्यांखाली कायम सूज असायची, झोप झालेली असो की नसो. एकदा गणपतीच्या महाप्रसादाला, सगळी कॉलनी पंगतीत बसलेली असताना, वाढता वाढता भाऊ म्हणाले, "आमच्या हिले बाजारात झोला न्यायचं कामच नाही. देवानं डोळ्याखाली दोन लटकवूनच पाठवली!" पंगत हसली. मी हसलो. वहिनीही हसल्या आणि पाण्याचा पेला तोंडाला लावून बराच वेळ तशाच बसल्या.

त्या हिवाळ्यात त्या नागपूरला बहिणीकडे म्हणून गेल्या आणि परत आल्या त्या मोठा काळा चष्मा लावून. भाऊ अंगणात स्कूटर पुसत होते. "अरे बापा! हिरोईन आली गा कॉलनीत!" ते ओरडले. वहिनींनी चष्मा काढला. डोळ्यांखाली टाके होते, गालापर्यंत काळंनिळं झालं होतं. बहिणीच्या ओळखीच्या एका क्लिनिकमध्ये त्यांनी त्या पिशव्या काढून घेतल्या होत्या.

"सांगितलं काहून नाही वं?"

"सांगितलं असतं तर तुम्ही हसले असते."

भाऊ पुसलेलीच गाडी पुन्हा पुसत राहिले.

सूज उतरली आणि खरं काय झालं ते दिसू लागलं. खालच्या पापण्या ओढल्या जाऊन खाली उतरल्या होत्या. बुबुळाखाली पांढरं दिसायचं, कड लाल. दिवसभर पाणी गळायचं आणि झोपेत डोळे पूर्ण मिटायचे नाहीत. क्लिनिकवाले म्हणाले, वेळ द्या. पुढं पुढं ते फोनवर तेवढंही म्हणेनात.

शेवटी पापण्यांचीच शस्त्रक्रिया करणाऱ्या नागपूरच्या एका डॉक्टरीणबाईंचं नाव कळलं. माझी कार होती म्हणून मी सोबत गेलो. बाईंनी वहिनींची पापणी बोटानं वर ढकलून पाहिली, डोळे मिटायला सांगितले आणि शांतपणे समजावलं. कातडी जरुरीपेक्षा जास्त काढली गेली आहे. व्रण मऊ होईपर्यंत काही महिने थांबायचं. दिवसा बोटानं मालिश, रात्री मलम घालून पापणी पट्टीनं वर धरायची. तेवढ्यानं भागलं नाही तर बाहेरच्या कोपऱ्यातून पापणी ताणून घट्ट करायची, आणि कमी पडलेली कातडी दुसरीकडून आणून लावायची. काहींना पापणीला आतूनही आधार द्यावा लागतो.

"पहिल्यासारखं होईल असं मी म्हणणार नाही," त्या म्हणाल्या. "डोळे मिटायला हवेत, ते आधी बघू."

भाऊ खुर्चीवर पुढं सरकले. "कातडं माह्यं घ्या ना, मॅडम. कुठलंही घ्या."

"दुसऱ्याचं कातडं अंग धरत नाही हो. त्यांच्याच कानामागून घेऊ."

"म्हणजे तिलेच पुन्हा कापाल?"

बाईंनी मान डोलावली. भाऊ उठून बाहेर गेले. मी गेलो तेव्हा ते भिंतीकडे तोंड करून उभे होते. मला बघून म्हणाले, "केलं मी गा, अन् फेडून राहिली ती."

त्यानंतर भाऊंनी रात्रपाळ्या माझ्याशी बदलून घेतल्या. पट्टी लावायचं काम ते दुसऱ्या कोणाला करू देत नसत. आणि नावं ठेवणं थांबलं. नवा ज्युनियर आला, त्याचे कान असे होते की आम्ही सगळे भाऊंकडे आशेनं बघत होतो. भाऊंनी हात जोडून "नमस्कार" म्हटलं आणि ते पॅनेलकडे वळले. एका सुटीच्या दिवशी ते घरोघर माफी मागायला निघाले. माझ्याकडे आले, चहा न घेता गेले. ट्रान्सफॉर्मरकडे गेले तर तो बिचारा कासावीस झाला. "हूं, राहू द्या ना भाऊ ते नाव. त्या नावानं निदान कोणी हाक तरी मारते मले."

पट्ट्यांनी भागलं नाही. ऑपरेशन झालं. त्या दिवशी भाऊ औषधं आणायला खाली गेले, तेव्हा डोळ्यांवर पट्टी असलेल्या वहिनी मला म्हणाल्या, "तुम्ही तरी समजवा यायले. मले आरशात माह्यी आई दिसे. शेवटी शेवटी ते अशीच सुजलेल्या डोळ्याची दिसे. म्हणून केलं मी. हे काय बोलले, त्याच्यानं नाही. पण यायले सगळं आपल्याच अंगावर घ्यायचं आहे."

मी भाऊंना सांगितलं. ते म्हणाले, "माह्यं मन राखाले बोलते ते."

दोघांपैकी कोणाचं खरं, हे मला आजही ठरवता आलेलं नाही.

वहिनींचे डोळे आता मिटतात. डावी पापणी थोडी खाली राहिली, कानामागच्या कातडीचा रंग जरा वेगळा दिसतो. भाऊ निवृत्त झाले आणि दोघं सावनेरला राहायला गेली. त्यानंतर मला ती दोघं एकदाच दिसली, नागपुरात सदरमधल्या एका साडीच्या दुकानात. वहिनींनी पिवळी साडी खांद्यावर टाकली होती आणि त्या भाऊंकडे वळल्या होत्या.

"कशी दिसते?"

"तुले आवडली का?"

"मी तुम्हाले विचारून राहिली."

भाऊंनी तोंड उघडलं. गड्यांची नजर त्यांच्यावर, दुकानदाराची नजर त्यांच्यावर.  त्यांनी रुमाल काढला आणि उगाच कपाळ पुसलं.

"बांधू का, ताई?" दुकानदारानं विचारलं.

"थांबा थोडं," वहिनी म्हणाल्या. साडी त्यांनी खांद्यावरून काढली नाही. तशाच भाऊंकडे बघत उभ्या राहिल्या.