गावानं जिला गुसल दिलं नाही

माझी दादी चीनची. दादा, म्हणजे आजोबा, जहाजावर बॉयलरच्या कामाला होते. हाँगकाँगच्या मशिदीत निकाह लावून त्यांनी तिला थेट रत्नागिरीकडच्या आमच्या खाडीकाठच्या गावात आणलं. त्या दिवसापासून मरेपर्यंत गाव तिला 'चिनीण' म्हणालं. ती मच्छी खोबऱ्याशिवाय, नुसतं आलं घालून वाफेवर शिजवायची. मोहरीचा पाला मिठात आंबवायची. "चिनिणीनं बरणी उघडली वाटतं," म्हणत बाया नाकाला पदर लावायच्या. लग्नाचे जोडे, म्हणजे नवरीचे कपडे, शिवून घ्यायला मात्र त्याच बाया आमच्या ओट्यावर. कापडाच्या बारीक गाठींची बटणं तिच्यासारखी कुणाला जमत नव्हती. जोडा घेऊन ती त्यांच्या घरी गेली, की तिचा चहा वेगळ्या कपात यायचा. तो कप पडवीत खिळ्याला टांगलेला असायचा.

कुराण तिला दादांनी शिकवलं. पण तिच्या जिभेला 'र' वळायचा नाही. एकदा जमातीच्या मुखियाच्या घरी बायका पढायला बसल्या होत्या. दादीची पाळी आली आणि सगळ्या फिसकन हसल्या. मुखियाची बायको सगळ्यांत मोठ्यानं. "अल्ला पण हसत असंल गो!" म्हणाली. त्यानंतर दादीनं आयुष्यभर ओठ मिटून नमाज पढली. मी तिच्या चटईशेजारी लोळत बघायचो. बोटांत तसबीचे मणी सरकायचे, ओठ हलायचे नाहीत.

ती गेली तेव्हा मी आठवीत होतो. मयताला शेवटची आंघोळ, म्हणजे गुसल, गावातल्या बायाच घालतात. बोलवायला लागत नाही, येतात. मुखियाची बायको आली, पण उंबऱ्याबाहेरच उभी राहिली.

"तिच्या तोंडून कलमा ऐकलाय कुणी? मी नाय हात लावायची."

एकेक करून बाकीच्याही तिच्यामागं सरकल्या. आधी हसून तिचं तोंड बंद केलं, आणि मग तोंड बंद होतं म्हणून तिला काफर ठरवलं. माझ्या आईनं आणि फुफीनं, म्हणजे आत्यानं, दोघींनीच दादीला धुतलं. पाणी शेजारच्या कोळणीनं भरून दिलं. मी ओट्यावर बसून तांब्याचा आवाज ऐकत होतो. त्याच वर्षी शाळा सोडली. वर्गात डोळे ताणून दाखवणाऱ्या पोरांत बसवेना.

आता मी सौदीत आहे. किंग अब्दुल्ला इकॉनॉमिक सिटीच्या कारखान्यांकडे पाइपचं वेल्डिंग करतो. मला इथं आणलं आमच्या फोरमननं, आणि तो त्याच मुखियाच्या बायकोचा मुलगा. हे लिहितानाही मला अवघडल्यासारखं होतं, कारण माणूस वाईट नाही. आठवी शिकलेल्या मला ड्रॉइंग वाचायला त्यानं बोट धरून शिकवलं. तापात फणफणलो तेव्हा स्वतः पेज करून आणली. त्याचं मीठ मी खातो. आणि माझा इकामा, म्हणजे इथं राहायचा परवानाही, त्याच्याच हातात आहे. कुणाला ठेवायचं, कुणाला घरी पाठवायचं, ती यादी त्याच्या सहीनं जाते. माझ्या इकाम्याला दोन महिने उरले होते. कार्डावरची तारीख मी दिवसातून चारदा बघायचो, जशी काही ती बदलणार होती.

तेवढ्यात गावी त्याची आई वारली. त्याचे गुडघे गेलेले. व्हीलचेअरवरचा उमरा, मक्केची ती छोटी यात्रा, त्याला नको होता, आईसाठी पायी केलेलाच हवा होता.

"आईच्या नावानं एक उमरा कर," तो मला म्हणाला. "तुझ्याशिवाय कुणाला सांगू? गाववाला तू."

"इन्शाअल्ला, भाई," मी म्हणालो. दुसरं काय म्हणणार?

एहराम, म्हणजे यात्रेची वस्त्रं, जिथून बांधावी लागतात त्या मक्केभोवतीच्या हद्दीच्या आतच आमचा कॅम्प येतो, म्हणून आम्ही ती खोलीतच बांधतो. शुक्रवारी सकाळी मी दोन पांढरी कापडं गुंडाळून उभा राहिलो, तेव्हा भाई दारात आला.

"उमरा कुणासाठी, ती नियत मोठ्यानं कर. आईचं नाव माझ्या कानावर पडू दे."

"नियत मनात असते, भाई."

"तेही खरंच," म्हणाला आणि डोळे पुसत खाटेवर बसला.

मी ओठ मिटले आणि मनात दादीचं नाव घेतलं.

काब्याभोवती चिनी लोकांचा एक जथा चालला होता. त्यांतल्या म्हाताऱ्या बायका मोठमोठ्यानं दुआ पढत होत्या. तोच दादीचा 'र'. कुणी हसलं नाही. तीन फेरे मी त्यांच्याच मागं चाललो. मुखियाच्या बायकोसाठी मी तिथं काहीच मागितलं नाही. माफी नाही, सजाही नाही. तिचं नाव त्या जागी आणायचंच नव्हतं.

दुपारी डोकं भादरून परतलो तर भाई मेसमध्ये शिरा वाटत होता. त्यानं मला मिठी मारली आणि बहिणीला व्हिडिओ कॉल लावला. "झाला गो, आईचा उमरा झाला!"

कसं सांगायचं हे मी ठरवलं नव्हतं.

"भाई, उमरा माझ्या दादीचा झाला. जिला तुमच्या आईनं हात लावला नाही, तिचा."

फोनमधून बहीण ओरडली, "काय म्हणतो तो?" भाईनं फोन पालथा ठेवला.

चार दिवस तो माझ्याशी बोलला नाही. ड्रॉइंग दुसऱ्याच्या हातून पाठवायचा. यादी निघाली नव्हती. कार्डावरची तारीख आता दिवसातून दहादा बघायचो. पण पस्तावा झाला असं म्हणू, तर खोटं होईल.

पाचव्या दिवशी त्यानं मला वेल्डिंग शेडमागं बोलावलं.

"पुन्हा जाशील? आईसाठी?"

"जाईन. पण आधी जमातीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर तुमच्या आवाजात सांगा, त्या दिवशी आईनं काय केलं ते. माझ्या दादीचं नाव घेऊन. चिनीण नाही."

त्यानं खिशातून फोन काढला. मग म्हणाला, "सांगतो. नाव काय होतं तिचं?"

"गावात विचारा."

दुसऱ्या दिवशी फुफीचा फोन आला. भाईची बहीण सकाळपासून दादीचं नाव विचारत घरोघर फिरत होती. सगळ्या म्हाताऱ्या नुसत्या माना हलवत होत्या. आता ती फुफीच्याच दारात येऊन बसली होती.

"सांगू काय रं हिला?" फुफीनं हळूच विचारलं.

"नको," मी म्हणालो. "अजून चार घरं फिरू दे."