माठाजवळचं यंत्र

उन्हाचा आरोग्यावर काय परिणाम होतो, याच्या अभ्यासात मी गावपातळीचा सर्वेक्षक होतो. कोरीट गावाच्या अलीकडच्या एका वस्तीत, पत्र्याच्या घरांत, काडेपेटीएवढी तापमान नोंदणारी यंत्रं लावायची होती. ज्यांची घरं जास्त तापतील, त्यांच्या पत्र्याखाली उष्णतारोधक छत बसणार होतं. पहिल्याच घरातल्या म्हातारीने मला दोनदा विचारलं, वैशाखाच्या आत बसेल ना? तिची सून वैशाखात बाळंत होणार होती. आदल्या उन्हाळ्यात ती त्याच पत्र्याखाली दोनदा चक्कर येऊन पडली होती.

घरातली माणसं झोपतात तिथे, डोक्याच्या उंचीवर यंत्र लावायचं, असं प्रशिक्षणात सांगितलं होतं. मला घाई होती. मी यंत्र तिच्या हातात देऊन नुसतं म्हणालो, महागाचं आहे, जपून ठेवा.

त्या वस्तीत फ्रीज नाही. जपायचं ते सगळं माठाजवळच्या ओल्या वाळूत ठेवतात. दूध, खायची पानं, साखरेच्या आजाराची इंजेक्शनं. म्हातारीने यंत्र प्लास्टिकच्या पिशवीत घालून तिथेच ठेवलं. तिचं बघून साऱ्या गल्लीने तेच केलं.

महिन्याने यंत्रं गोळा करायला गेलो तेव्हा मला सगळं कळलं. पुन्हा लावायची तर माझी कामचुकारी उघडी पडली असती. फॉर्मवर मी लिहिलं, जागा: झोपण्याची खोली. घराला खोली एकच, म्हणजे खोटंही नव्हतं. असल्या हुशारीची मला आजही शिसारी येते.

अभ्यासाच्या बैठकीत पडद्यावर आमच्या वस्तीच्या तापमानाची रेघ सगळ्यांत खाली होती. बाहेरून आलेल्या तज्ज्ञ बाईंनी या लोकांच्या पारंपरिक शहाणपणाचं कौतुक केलं. टाळ्या पडल्या, मीही वाजवल्या. वस्तीतल्या एखाद्या पत्र्यावर हात टेकला असता तर त्यांना तिथल्या तिथे उत्तर मिळालं असतं, पण अभ्यास करणाऱ्यांना हात भाजून घ्यायची सवय नसते. छतं दुसऱ्या गावाला गेली.

वैशाख लागायच्या आधी मी म्हातारीला सांगायला गेलो. सून दारात, भिंतीच्या वीतभर सावलीत पाय पसरून बसली होती. यंत्र माठाजवळ होतं म्हणून तुमचं घर थंड ठरलं, मी म्हणालो. जपून ठेवायला कुणी सांगितलं होतं, ते मात्र गिळलं.

म्हातारीला ते आठवत होतं.

"तूच सांगं व्हतं ना भाऊ, जपीसन ठेवा," ती म्हणाली. मग सुनेकडे बघून शांतपणे विचारलं, "मंग आते सुनले बी माठजोडे ठेवू का?"